पाडवा ते पाडवा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याची आधीच माफी मागते. चौथीच्या पुढे शाळा झाली नाही. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे तेव्हाही कळत नव्हतं, आणि आता पन्नाशीत कोणाला विचारायची लाज वाटते. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, घशातच बसतो. राग आला तर मुळीच निघत नाही. पण हा राग आता मावत नाही, म्हणून वहीत ठेवते.

वही जुनी आहे. तिची पहिली एकोणीस पानं माझी नाहीत, आमच्या घरच्या मालकाच्या हातची आहेत. घरचे मालक म्हणजे माझा नवरा नव्हे, नवरा ज्यांच्या शेतात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, होता ते. दर पाडव्याला सकाळी हे मालकाच्या ओसरीवर जायचे. तिथे वर्षाचं साल ठरायचं. रोख किती, ज्वारी किती, कपड्याचा जोड, चप्पल, घोंगडी. दोघंही बोलायचे, दोघंही थोडं ओढायचे, मग चहा व्हायचा आणि साल पक्कं व्हायचं. ह्यांना वाचता येत नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच पाडव्याला मी ह्यांच्या हातात ही वही दिली आणि म्हटलं, जे ठरलं ते लिहून आणा. हे लाजले. मालक मात्र रागावले नाहीत. स्वतः चष्मा लावून लिहून दिलं, खाली सही केली. वर लिहायचे, पाडवा ते पाडवा. एकोणीस वर्षं तसंच.

त्या एकोणीस वर्षांत एकदा दिवाळीत सगळंच महाग झालं होतं. तेल, साखर, औषध, सगळं. ह्यांनी मालकाला विचारलं होतं, थोडं वाढवता का. मालक म्हणाले, पाडव्याला बोलू. हे परत आले आणि त्यावर एक शब्द बोलले नाहीत. ठरलं ते ठरलं. आणि ज्या वर्षी तूर चांगली पिकली नाही त्या वर्षी मालकानेही साल कमी केलं नाही. ती सवय माझ्या अंगात मुरली. कोणी वर्षाचा भाव सांगितला की तो वर्षभर राहतो, असंच मी धरून चालले. तीच माझी चूक झाली असेल तर असो.

आता आम्ही स्वतःच्या दीड एकरात भाजीपाला करतो. वांगी, मेथी, कोथिंबीर. जवळच्या बीबी गावच्या बाजाराला माल जातो. आमची गल्ली सुलतानपुरात जरा खोलगट भागात आहे, तिथे मोबाईलला रेंज मिळत नाही. माझ्याजवळ बटणांचा फोन आहे. मला फक्त आलेला फोन उचलायचा असतो, तरी दर महिन्याला पूर्ण रिचार्ज मारा, नाही तर येणारा फोनसुद्धा बंद. तेही दरवर्षी वाढतं. कोणाला विचारून वाढवतात ते माहीत नाही. आम्ही वांग्याचा भाव दोन रुपयांनी वाढवला तर बाई टोपलीतून वांगं परत ठेवते. ह्या फोनवाल्यांच्या टोपलीत परत ठेवायची सोयच नाही.

धाकट्या मुलीचा नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास मोबाईलवर असतो. आणि भिंतीपलीकडे माझी मोठी जाऊ राहते, तिची लेक नांदुऱ्याला दिली आहे, तिला मागच्याच साली बाळ झालं. जाऊबाईला रोज संध्याकाळी नातीचं तोंड पाहायचं असतं. म्हणून दोघी मिळून वायफाय घ्यायचं ठरवलं. अर्धे पैसे तिचे, अर्धे माझे. कनेक्शन माझ्या नावावर, कारण वायफायचा डबा आमच्या ओट्यावर लागणार होता.

वायफायवाला नेमका पाडव्याच्या दिवशी आला. दारात गुढी उभी होती. मी त्याला बसवलं, चहा दिला. तो म्हणाला, महिन्याला चारशे, वर्षभर काही बघायचं नाही. डब्याचे दीड हजार आधी, दोन वर्षांच्या आत बंद केलं तर ते परत नाहीत. त्याने इंग्रजी कागद पुढे केला, मी सही केली. मग मी आतून वही आणली. जाऊबाई बाजूलाच बसली होती. मी वही त्याच्यापुढे ठेवली आणि हळूच म्हटलं, लिहून द्या. तो हसला. पण पाडव्याचा दिवस, चहा पोटात गेलेला. त्याने विसाव्या पानावर लिहिलं: पाडवा ते पाडवा, महिना चारशे रुपये, वाढ नाही. खाली सही.

जाऊबाईने पाहिलं. तिला वाचता येत नाही, पण मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सालदार ठेवला वं आपुन वायरीचा." आम्ही दोघी खूप हसलो.

ते वर्ष अधिक महिन्याचं होतं. धोंड्याला जाऊबाईचा जावई आला, लेक आली, नात प्रत्यक्ष मांडीवर बसली. ती गेल्यावर पुन्हा संध्याकाळी जाऊबाई आमच्या ओट्यावर. डब्याजवळ चित्र चांगलं दिसायचं. ती नातीशी बोलायची, मी मेथीच्या जुड्या बांधायचे. आम्हा दोघींत लग्नापासून फार बोलणं नव्हतं, मी बोलतच नाही म्हणून. त्या डब्यामुळे वर्षभर शेजारी बसणं झालं. मला ते आवडायचं. तिला कधी सांगितलं नाही.

जानेवारीत मी नेहमीसारखी मोबाईलच्या दुकानात बिल भरायला गेले. दुकानदार म्हणाला, चारशे सत्तर. मी म्हटलं चारशे. तो म्हणाला, "मावशी, नवीन वर्ष लागलं, भाव वाढला. दरवर्षी वाढते." मी म्हटलं आमचं वर्ष अजून संपलं नाही. मागे तीन-चार माणसं उभी होती, त्यातला एक हसला. झालं, माझा घसा बसला. मी सत्तर रुपये जास्तीचे काढून ठेवले आणि खाली मान घालून निघाले. वाटेत इतका राग आला. दुकानदाराचा कमी, माझाच जास्त.

जाऊबाईला तेव्हा सांगायला जमलं नाही. मला वाटलं चुकून झालं असेल, पुढच्या महिन्यात ठीक होईल. फेब्रुवारीत पुन्हा चारशे सत्तर. मग मला सांगावंच लागलं. मी तिला म्हटलं, भाव वाढला, मागच्या महिन्याचेही पस्तीस आणि ह्या महिन्याचेही पस्तीस. ती म्हणाली, "वहीत तं लिहेल हाये, वाढ नाई म्हणून. मंग वाढलं कसं?" मी मुलीच्या मोबाईलवरचा मेसेज दाखवला. तो इंग्रजीत होता. ती म्हणाली मोबाईलमध्ये काय, काहीही लिहिता येतं. पण सत्तर रुपये दिले.

मला तिचा राग तेव्हा आला नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. तिच्या डोळ्यांसमोर लिहिलेला शब्द होता.

आठ दिवसांनी मी गिरणीवर दळण घेऊन गेले. गल्लीतल्या पाच-सहा बाया बसल्या होत्या, जाऊबाईही होती. मी दळणाचा डबा रांगेत ठेवला. तेवढ्यात ती दुसऱ्या बाईला म्हणाली, मला ऐकू जाईल अशी, "आमच्या धाकटीनं वायरीचं दुकान टाकलं. बाहीर भाव चारशेच हाये, तिच्या घरात वाढते."

बाया हसल्या. एकीने मला विचारलं, काऊन वं, खरं का? गिरणीचा आवाज चालू होता. मी ओठ हलवले असतील, पण आवाज निघाला नाही. आणि जी बाई बोलत नाही ती चोर ठरते. एकोणीस वर्षं माझ्या नवऱ्याने दुसऱ्याच्या धान्याची राखण केली, मूठभर दाणा घरी आणला नाही. आणि मी पस्तीस रुपयांची चोर. मी दळण तसंच टाकून घरी आले. संध्याकाळी मुलीने जाऊन आणलं.

मार्चचे पैसे जाऊबाईने माझ्या हातात दिले नाहीत. सकाळी ओट्यावर दोनशे पस्तीस रुपये ठेवलेले दिसले, वर खडा. त्या दिवसापासून ती ओट्यावर बसायची बंद झाली. संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा. हॅलो, दिसतं का, हॅलो. तिकडे चित्र अडकतं. मी एकदा डोकावून पाहिलं तर ती मोबाईल डोक्यावर धरून भिंतीला चिकटून उभी होती, नातीचं अर्धं तोंड दिसावं म्हणून. मी तिला हाक मारू शकले नाही. काय म्हणून मारणार?

दुसऱ्या दिवशी मी लोणारला गेले, वायफायच्या ऑफिसात. एकटी बसने गावाबाहेर जायची माझी ती दुसरी की तिसरी वेळ. ऑफिस म्हणजे एका दुकानाच्या वर एक खोली, त्यात एक मुलगी कॉम्प्युटरवर. मी माझं नाव आणि गाव सांगितलं, पुढे सांगता येईना. तिनेच कॉम्प्युटरमधून माझा कागद काढला. मुलगी चांगली होती. तिने इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की दर जानेवारीला कंपनी भाव वाढवील आणि ते ग्राहकाला मान्य आहे. "तुमची सही आहे ना, काकू?" माझीच सही होती. मी विचारलं, बंद करायचं म्हटलं तर? ती म्हणाली, मग डब्याचे दीड हजार जातील.

वही पिशवीत होती. मी ती बाहेरच काढली नाही. हात पिशवीत घालून बसले आणि उठून आले. येताना बसमध्ये मी हिशेब लावत होते, पैशाचा नव्हे. सालदाराने मध्येच काम सोडलं तर त्याला उचल परत करावी लागते, हे मला माहीत आहे. पण मालकाने मध्येच शब्द फिरवला तर सालदार मोकळा होतो, सगळं साल मागतो. इथे मी सोडलं तर माझे दीड हजार जातात, आणि त्यांनी शब्द फिरवला तर पुन्हा माझेच सत्तर जातात. दोन्हीकडून मीच. असला करार आमच्या गावात कोणी कुत्र्याशी करणार नाही. आणि तो मान्य आहे असं माझ्याच सहीने लिहून घेतलं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे वांग्याची रोपं निवडत होते. हातातली रोपं खाली ठेवली. मग विचारलं, "वही दाखवली का त्याईले?" मी नाही म्हटलं. हे म्हणाले, "अधिक महिन्याच्या वर्षी मी तेरा महिने राबलो. तेराव्याचे मालकानं देले नाई, म्या मांगतले नाई. पाडवा ते पाडवा म्हणजे पाडवा ते पाडवा. दाखव त्याईले."

पाडवा झाल्यावर मी पुन्हा गेले. ह्या वेळी ऑफिसचा मालक येईपर्यंत बाकावर बसून राहिले, दोन तास. बाजूला एक शेतकरी बंद पडलेला डबा मांडीवर घेऊन बसला होता. मालक आला. पस्तिशीचा, पांढरा शर्ट. मुलीने त्याला सांगितलं, ह्या काकू वाढीव पैशासाठी आल्यात. त्याने विचारलं किती. मी म्हटलं, तीन महिन्यांचे दोनशे दहा. तो माझ्याकडे बघून म्हणाला, मावशी, येण्याजाण्यात किती गेले? खोलीतली दोन माणसं हसली.

मी वही टेबलावर ठेवली, विसावं पान उघडून. त्याने वाचलं. सही कोणाची ते ओळखलं. वायफायवाल्याला फोन लावला, त्यानेही कबूल केलं की लिहिलं होतं, सणाच्या दिवशी मावशीला नाही कसं म्हणायचं म्हणून. मालक जरा चिडला, फोनवर त्याला चार शब्द बोलला. मग मला म्हणाला की आमचा माणूस चुकला, जानेवारी आणि फेब्रुवारीचे एकशे चाळीस देतो. मार्चचे देता येणार नाहीत. तुम्ही घेतलं मागच्या मार्चमध्ये, बारा महिने मार्चमध्ये पूर्ण झाले. मार्चचं बिल नव्या वर्षाचं.

माझा आवाज बारीक निघाला, पण निघाला. मी म्हटलं, "पाडवा एप्रिलमधी आला."

तो म्हणाला तुमचा पाडवा मागे-पुढे होतो, त्याला कंपनी काय करणार. अधिक महिना कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये नसतो.

मी वहीची पानं मागे उलटली. एक-एक पान त्याच्यापुढे धरलं. सालदाराची पानं. त्याने पाहिली, मग बघतच राहिला. मी विचारलं, "तुमच्या घरी सालदार होता का, भाऊ?"

"होता. आजोबांच्या टायमाले."

"अधिक महिना आला का त्याले घरी पाठवत होते का? बारा महिने झाले, आता जाय म्हणून?"

बाजूचा शेतकरी म्हणाला, "काऊन पाठवतीन? पाडव्यापर्यंत राबवून घेत."

मी म्हटलं, "राबवून घेताना पाडवा खरा, अन् पैसे द्यायच्या येळी मार्च खरा?"

एवढं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर मला रडू यायला लागलं, ते रागाचं होतं. पण त्या मुलीला वाटलं मी गरीब म्हणून रडते, तिने पाणी दिलं. मी ते घेतलं नाही. मला त्यांची दया नको होती.

मालकाने मुलीला सांगितलं, तिन्ही महिन्यांचे पुढच्या बिलातून कमी कर. मी मान हलवली. नको. हातात द्या. तो म्हणाला, एकच आहे की. मी म्हटलं एक नाही. बिलातून कमी झालेलं कोणाला दिसत नाही. मेसेज पुन्हा इंग्रजीत येईल आणि जाऊबाई पुन्हा म्हणेल, मोबाईलमध्ये काहीही लिहिता येतं. हे त्याला मी कसं सांगणार होते? मी नुसती बसून राहिले. बसून राहणं मला येतं. शेवटी त्याने स्वतःच्या खिशातून दोनशे दहा काढून टेबलावर ठेवले.

मी वही पुढे सरकवली, एकविसावं पान. म्हटलं ह्या वर्षाचंही लिहून द्या. त्याने हात मागे घेतला. म्हणाला, "आता कोणी काही लिहून देणार नाही, मावशी. आता चारशे सत्तर, जानेवारीत पुन्हा वाढेल." ते पान कोरंच राहिलं. खरा राग मला त्याचाच आहे. दोनशे दहा मिळाले, पण बोलून ठरवायची जागा गेली. मालकाच्या ओसरीवर निदान दोघं बसायचे. इथे समोर कोणी बसतच नाही. जानेवारी येतो आणि भाव वाढलेला असतो. दीड हजार अडकलेत म्हणून मी पुढचं एक वर्ष भरणार. मग डबा काढून नेऊन त्याच्या टेबलावर ठेवणार आहे. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्याच्याने फिरवता येणार नाही.

घरी आल्यावर जाऊबाई अंगणातच होती. पैसे तेव्हाच भिंतीवरून देता आले असते. दिले नाहीत. तीन दिवस थांबले. चौथ्या दिवशी ती ज्वारीचा डबा घेऊन गिरणीकडे जाताना दिसली, तेव्हा मीही दळण घेतलं आणि मागून निघाले.

त्याच बाया होत्या, एखादी कमी-जास्त. मी डबा रांगेत ठेवला आणि उभी राहिले. गिरणीचा आवाज चालू होता, त्यात माझा आवाज कोणाला गेला नसता. म्हणून दळण संपून पट्टा थांबेपर्यंत वाट पाहिली. पट्टा थांबला. मी जाऊबाईसमोर गेले, तिचा हात धरून उघडला आणि त्यावर शंभराची नोट आणि पाच रुपयांचं नाणं ठेवलं.

"लोणारहून आणले. तीन महिन्यांचे पस्तीस-पस्तीस. मोजा, बाई."

ती माझ्याकडे पाहायला लागली. मी हात मागे घेतला नाही. मोजल्याशिवाय मी हलणार नव्हते. तिने नोट उलटून पाहिली, नाणं पाहिलं, ओठ हलवून तीन वेळा पस्तीस धरले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एकशे पाच. पुरे हायेत."